आधी डोक्याच्या आत बघा: जुन्या बाहुलीची किंमत कशी ठरते

जुनी बाहुली हातात आली की आपण सगळ्यात आधी तिच्या डोळ्यांत बघतो. काचेचे तपकिरी डोळे, किंचित उघडे ओठ, त्यातून डोकावणारे चार इवले दात. बघता बघता हात पाकिटाकडे जातो. माझाही गेला होता. जर्मनीत एका रविवारच्या जुन्या बाजारात ८० युरो मोजून मी पहिली बाहुली घेतली. घरी येऊन टोप काढला, तर कपाळापासून कानामागपर्यंत तडा गेलेला आणि त्यावर गुलाबी रंग फासलेला. विकणाऱ्याने टोप सरसाने पक्का चिकटवून ठेवला होता. तेव्हापासून मी चेहरा सगळ्यात शेवटी बघते. आधी मानेमागचा आकडा, मग डोक्याच्या आतली बाजू, मग धड आणि मग चेहरा. घेणाऱ्याने हा क्रम पाळला तर त्याचे पैसे वाचतात. घरात बाहुली असलेल्याने पाळला, तर आपल्याकडे नेमकं काय आहे ते त्याला कळतं.

इथे मी बोलते आहे ती साधारण १८६० ते १९३० या काळातल्या जर्मन आणि फ्रेंच बाहुल्यांबद्दल, ज्यांचं डोकं बिस्कचं असतं. बिस्क म्हणजे चिनीमातीच, पण कपबशीसारखी चकाकी न दिलेली. डोकं एकदा भट्टीत भाजायचं, मग त्यावर गाल, भुवया, ओठ रंगवायचे आणि पुन्हा भाजायचं. त्यामुळे कातडीसारखा मंद, मऊ पोत येतो आणि रंग मातीत कायमचा बसतो. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, झोनबेर्ग, वाल्टर्सहाउझेन आणि ओरड्रुफच्या परिसरात गावंच्या गावं या धंद्यावर जगत होती. डोकी कारखान्यात भाजली जात. धड, टोप आणि कपडे मात्र बरेचदा घरोघरी बनत, आणि त्यात मुलंही राबत. पहिल्या महायुद्धाआधी जर्मन खेळणी आपल्याकडेही येत. म्हणून मुंबईच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर किंवा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटच्या दुकानात अशी एखादी बाहुली अजून भेटते. आता युरोप-अमेरिकेत राहणारी आपली मुलंही तिथल्या जुन्या बाजारांतून अशा बाहुल्या आणतात आणि विचारतात, "हिचे किती येतील?"

मानेमागचा आकडा

टोप हळूच वर करा आणि मानेमागे बघा. तिथे ओल्या मातीतच दाबून उमटवलेली अक्षरं आणि आकडे असतात: कारखान्याचं नाव किंवा आद्याक्षरं, साच्याचा क्रमांक आणि मापाचा क्रमांक. 'जर्मनी' असं देशाचं नाव कोरलेलं असेल तर बाहुली बहुतेक १८९१ नंतरची. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून ते येऊ लागलं. नाव नाही म्हणून बाहुली त्याआधीची, असं मात्र नाही. इतर देशांत जाणाऱ्या मालावर ते नेहमी घातलं जात नसे. 'डी.आर.जी.एम.' ही अक्षरं जर्मन नोंदणीची. ती नोंदणीही १८९१ पासूनचीच. 'डेप' म्हणजे नोंदवलेला नमुना. हे कारखान्याचं नाव समजून फसणारे पुष्कळ आहेत.

हा आकडा किंमतीची कमाल मर्यादा ठरवतो. बाहुली कितीही सुंदर आणि कितीही धड असली, तरी तिच्या साच्याचा जो भाव आहे त्याच्या फार वर ती जात नाही. इथेच बहुतेकांची निराशा होते, कारण 'शंभर वर्षं जुनी' म्हणजे 'महाग' असा समज पक्का बसलेला असतो.

सगळ्यात जास्त सापडते ती आर्मांड मार्झेय कंपनीची ३९० क्रमांकाची बाहुली. ए. एम. ही आद्याक्षरं आणि ३९० दिसलं की ओळखा. हा साचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तीसच्या दशकापर्यंत चालला आणि प्रचंड संख्येने निघाला. चांगल्या स्थितीतली, दीड-दोन फुटी ३९० बाहुली आज १०० ते २०० डॉलरला जाते, कित्येकदा त्याहूनही कमी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिला यापेक्षा बरा भाव होता. जुने संग्राहक म्हातारे झाले, त्यांचे संग्रह एकदम बाजारात आले आणि साध्या बाहुल्यांचे भाव उतरले. घेणाऱ्यासाठी हे चांगलंच आहे. अस्सल शंभर वर्षं जुनी वस्तू आठ-दहा हजार रुपयांत हातात येते, आणि पहिली बाहुली म्हणून मी कुणालाही ३९० च सुचवते.

तिच्या वरच्या पायरीवर झिमॉन अँड हाल्बिश आणि केस्टनर या कंपन्या. यांच्या नेहमीच्या मुलींच्या बाहुल्या साधारण २०० ते ४०० डॉलरच्या आसपास असतात. केस्टनरची 'हिल्डा' नावाची १९१४ ची बाळ-बाहुली मात्र याच्या कितीतरी पट पुढे जाते. फ्रान्सच्या जुमो कंपनीची बाहुली चांगल्या स्थितीत दोन हजार डॉलरच्या पुढे आणि ब्रू कंपनीची दहा हजाराच्या पुढे. १८९९ मध्ये जर्मन स्पर्धेला तोंड द्यायला फ्रेंच कारखाने एकत्र आले आणि एस.एफ.बी.जे. ही संस्था निघाली. तिच्या नेहमीच्या बाहुल्या पुष्कळ स्वस्त मिळतात. म्हणून 'फ्रेंच आहे' एवढ्यावर कुणी भाव सांगितला तर थांबा आणि मान बघा.

सगळ्यात रंजक गोष्ट आहे केमर अँड राइनहार्ट कंपनीची. १९०९ पासून त्यांनी खऱ्या मुलांसारखे चेहरे काढायला सुरुवात केली: रुसलेले, विचारात पडलेले, ओठ मुडपलेले, डोळे काचेचे नव्हे तर रंगवलेले. मुलींना अशा बाहुल्या फारशा आवडल्या नाहीत. त्यांना गोजिरी, डोळे मिटणारी बाहुली हवी होती. म्हणून त्या थोड्या बनल्या, आणि त्यातल्या १०१ आणि ११४ क्रमांकाच्या बाहुल्यांना आज दीड-दोन हजार डॉलर आणि त्याहून जास्त मिळतात. याच कंपनीची १०८ क्रमांकाची एक बाहुली लंडनमध्ये बोनहॅम्सच्या लिलावात २०१४ मध्ये २,४२,५०० पौंडांना गेली. बंद ओठांचंही असंच आहे. दात दाखवणारं उघडं तोंड १८८० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि तेव्हा नवलाईचं म्हणून लोकांना आवडलं. आज त्याच कारखान्याच्या त्याच काळातल्या दोन बाहुल्या शेजारी ठेवल्या, तर बंद ओठांची बाहुली कित्येक पट महाग असते.

साच्यांची ओळख पटवायला कोलमन मायलेकींचा बाहुल्यांचा ज्ञानकोश आणि सीस्लिक दांपत्याचा जर्मन बाहुल्यांचा कोश, ही दोन पुस्तकं मला सगळ्यात उपयोगी पडली. भावासाठी मात्र पुस्तक नको, कारण छापलेले भाव लवकर शिळे होतात. लिलावांत प्रत्यक्ष 'विकली गेली' तो आकडा बघा. विक्रेत्याने 'मागितलेला' आकडा म्हणजे त्याची इच्छा. तीच बाहुली ९०० डॉलर लावून तीन वर्षं पडून असते आणि दुसरीकडे १४० ला जाते.

डोक्याच्या आत

आता कमाल किंमतीतून किती वजा करायचं ते बघू. त्याचा सगळा निकाल डोक्यावर लागतो.

टोप काढल्यावर डोक्याच्या वर एक भोक दिसेल, त्यावर पुठ्ठ्याची किंवा बुचाची वाटी बसवलेली असते. केस्टनरच्या बाहुल्यांत ती प्लास्टरची असते, आणि ती मूळची शाबूत असेल तर तीही एक खूण. वाटी सहज निघत असेल तरच काढा. खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च डोक्याच्या आत धरा. बिस्कमधून प्रकाश आरपार येतो, सगळा चेहरा उजळतो, आणि तडा असेल तिथे काळी रेघ उभी राहते. बाहेरून नखालाही न लागणारी केसासारखी चीर अशी दिसते. भट्टीतच मातीला आलेली सुरकुती वेगळी. ती दोन्ही बाजूंनी आरपार जात नाही आणि तिची कड मऊ असते. तिच्यामुळे किंमत फारशी पडत नाही.

मग नोटा तपासायचा तो निळा-जांभळा दिवा. दोन-तीनशे रुपयांना मिळतो आणि माझ्या पिशवीत कायम असतो. त्या उजेडात नवा रंग, नवा सरस, भरलेलं प्लास्टर मूळ मातीपेक्षा निराळं चमकतं. माझ्या पहिल्या बाहुलीवरचा तो गुलाबी थर या दिव्याखाली पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसला असता.

चीर कुठे आहे त्यावर वजावट ठरते. गालावर, कपाळावर, ओठांजवळ असेल तर किंमत निम्मी किंवा त्याहून खाली. मागे, टोपाखाली झाकली जाणारी असेल तर पाव ते तिसरा हिस्सा कमी. डोळ्याच्या कडेचा टवका छोटा दिसतो, पण संग्राहक तिथेच भिंग लावतात. कानाचं भोक फाटलेलं, मानेच्या तळाचा टवका, हे त्या मानाने कमी नुकसानीचं. गालावरचे बारीक काळे ठिपके बघून घाबरू नका. ते भट्टीतल्या धुळीचे असतात आणि जुनेपणाला साजेसेच असतात.

डोळे मिटणारे असतील तर ते आत शिशाच्या वजनावर झुलतात आणि प्लास्टरवर टेकलेले असतात. प्लास्टर सुटलं की डोळे आत पडतात. ते परत बसवता येतात, पण मूळ डोळे मूळ प्लास्टरसकट असणं हा मोठा गुण आहे. टोप मोहेरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचा, मूळचा असेल तर विरळ झालेला असला तरी ठेवा. चकचकीत नवा टोप घालून काहीच मिळत नाही.

धडात दोन मुख्य प्रकार. एक लाकडी भुगा, कागद आणि सरस यांच्या लगद्याचं, गोल सांध्यांचं. ते आतून इलॅस्टिकने बांधलेलं असतं. दुसरं कोकराच्या मऊ कातड्याचं, आत भुगा भरलेलं. सैल पडलेलं इलॅस्टिक हा दोषच नव्हे. परदेशात ते बदलायला ४०-५० डॉलर लागतात, आणि धीर असेल तर घरीही जमतं. एखादं बोट मोडलेलं असणं साधी गोष्ट. पण धडच दुसऱ्या बाहुलीचं असेल तर किंमत बरीच उतरते. डोकं धडाच्या मानाने मोठं किंवा लहान वाटतंय का, मानेचा खळगा आणि डोक्याचा तळ नीट बसतात का, हे बघा. धडाला पुन्हा गुलाबी रंग दिलेला दिसला तर मला आवडत नाही. रंग उडालेलं मूळ धड ताज्या रंगाच्या धडापेक्षा केव्हाही बरं.

नक्कल ओळखताना

गेल्या पन्नासएक वर्षांत हौशी लोकांनी जुन्या डोक्यांवरून साचे काढून हजारो बाहुल्या बनवल्या. त्यात गैर काही नाही, पुष्कळांनी स्वतःचं नाव आणि सालही कोरलं. गैर होतं ते कुणीतरी ते घासून काढलं की. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती मापाची खूण. ओली माती सुकताना आणि भाजताना आकसते. जुन्या डोक्यावरून साचा घेतला की त्यातून निघणारं नवं डोकं मूळच्यापेक्षा लहान होतं. पण मानेमागचा मापाचा आकडा तसाच उमटतो. म्हणून मेजपट्टीने डोक्याचा घेर मोजा आणि त्या साच्याच्या त्या मापाच्या नोंदींशी ताडून बघा. घेर कमी भरला तर ती नक्कल. बाकी खुणा हाताला कळतात: नवी माती साबणासारखी गुळगुळीत लागते, पापण्यांच्या रेघा एकसारख्या असतात, मानेच्या खळग्यात शंभर वर्षांचा मळ नसतो.

एक प्रश्न मला वारंवार येतो, तो बार्बीचा. पाठीवर १९६६ कोरलेली बार्बी पुष्कळ घरांत आहे आणि ती साठच्या दशकातली समजली जाते. ते त्या धडाच्या नमुन्याच्या हक्काचं साल. तेच साल कंपनी पुढे कित्येक वर्षं छापत राहिली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात विकल्या गेलेल्या बार्बींवरही ते आहे.

हातात किती येतात

समजा तुमच्याकडे ३९० आहे, भाव १५० डॉलर. मागे टोपाखाली चीर, म्हणून ५० वजा. टोप नवा, म्हणून आणखी १५. उरले ८५. परदेशातल्या लिलावाने विक्रेत्याकडून १० ते २५ टक्के कमिशन घेतलं, फोटो आणि विमा धरला, की साठच्या आसपास राहतात. दुकानदाराला विकलीत तर तो बहुधा भावाच्या निम्मेच देईल, कारण त्याला दुकान चालवायचं आहे. त्यात लबाडी नाही. विकत घेताना हेच उलट लागतं. हातोडी १५० वर पडली तर त्यावर लिलाववाला २०-२५ टक्के वेगळे घेतो, आणि वर पाठवणावळ. डोकं दुरुस्त करून घेण्याचा खर्च साध्या बाहुलीच्या किंमतीपेक्षा जास्त होतो. ती हौस फक्त जुमो किंवा त्यावरच्या बाहुल्यांना परवडते. विम्यासाठी काढलेलं मूल्यांकन नेहमी चढं असतं, ते विक्रीचा भाव समजू नका.

बाहेरून बाहुली भारतात मागवत असाल तर पावतीवर ती 'खेळणं' म्हणून लिहिलेली नको. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२३ पासून ७० टक्के आहे, शिवाय भारतीय मानकाच्या शिक्क्याची अट. शंभर वर्षांवरची पुरातन वस्तू वेगळ्या शीर्षकाखाली, ९७०६ खाली मोडते. पण त्यासाठी वय सिद्ध करणारी पावती किंवा जाणकाराचा दाखला सोबत हवा. दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी सीमाशुल्काचं काम करणाऱ्या एजंटला विचारा.

उलट दिशेचा नियम फार थोड्यांना माहीत असतो. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. बाहुली मूळची जर्मन असली म्हणून सुटका होईल असं धरून चालू नका. पणजीची बाहुली सामानात घालून अमेरिकेला न्यायची असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर ते तसं प्रमाणपत्र देतात. विमानतळावर अडकण्यापेक्षा महिनाभर आधीची ही खटपट बरी.

पावसाळा

आपल्या हवेत बाहुलीचा खरा शत्रू ओल आहे. लगद्याचं धड ओलीने फुगतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्याला ओलं फडकं कधीही लावू नका, सरस विरघळतो. बिस्कचं डोकं मात्र किंचित ओल्या कापसाने पुसता येतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. धुतलेलं, खळ नसलेलं सुती कापड घ्या, पेटीत सिलिकाच्या पुड्या ठेवा. डोळे मिटणारी बाहुली पालथी ठेवा, म्हणजे शिशाच्या वजनाचा ताण प्लास्टरवर येत नाही. प्रवासात नेताना टोपाखालून डोळ्यांमागे मऊ कागदाचे बोळे भरा. वजन झुलून आतून डोक्यावर आपटतं, आणि कित्येक तडे असे टपालात पडलेले असतात.

सेल्युलॉइडची बाहुली असेल, पाठीवर कासवाचं चिन्ह असलेली जर्मन किंवा दुसरी कुठली, तर ती वेगळ्या, हवेशीर जागी ठेवा. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. म्हणून ती देव्हाऱ्यापासून आणि गॅसपासून लांब हवी. तिची कड चिकट लागू लागली किंवा उग्र आंबट वास येऊ लागला, तर तिच्यातून निघणारं आम्ल शेजारच्या कपड्यांनाही खातं.

आणि घरातलीच बाहुली असेल तर आजच एक काम करा. ती कुणाची होती, कुठून आली, कुणी दिली, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून पेन्सिलीने कागदावर लिहा. आजीचा बाहुली मांडीवर घेतलेला फोटो असेल तर त्याची प्रतही त्यासोबत ठेवा. संग्राहक अशा कागदासाठी जास्त पैसे मोजतात. कागद बाहुलीच्या कपड्याला टाचणीने लावू नका, टाचणी गंजते. पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवा.